भिंत कोरडी

मी रंगारी आहे आणि रागीट आहे, दोन्ही चाळीस वर्षांपासून. रंगाचं काम उस्तादांकडे शिकलो, राग घरूनच नेला होता. म्हणून ताईच्या भिंतीची गोष्ट मीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो मला सांभाळून घेईल, आणि ते मला खपायचं नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चार मजली इमारतीत सगळ्यात वर राहते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि वाफेची इस्त्री. मागच्या खोलीत पलंग आणि लोखंडी कपाट. दाजी गेल्यावर तिने याच घरात लोकांचे पडदे, शाळेचे गणवेश आणि कोटांची अस्तरं शिवून मुलाला शिकवलं. मुलगा आता दुसऱ्या शहरात मोठ्या कचेरीत आहे. मी त्याला साहेब म्हणतो, तो मला मामा म्हणतो, आणि आमचं दोघांचं एका खोलीत अर्ध्या तासापेक्षा जास्त जमत नाही.

तर डाग. मागच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, दर थंडीत काळा डाग यायचा. आधी बोट लागलं की ओल कळायची, मग बुरशी धरायची, मग रंगाला फुगे. ताईने फोन केला की मी डबे-ब्रश घेऊन हजर. डागापुरतं खरवडायचं, पुट्टीची लांबी भरायची, वर ऑइल पेंटचा हात द्यायचा, म्हणजे पाणी आत यायची बिशाद नाही. आठ दिवस मुक्काम. पुढच्या थंडीत डाग परत, आणि मागच्यापेक्षा मोठा. मी गच्चीला शिव्या द्यायचो. गच्ची गळते, कमिटीवाले झोपलेत, असं जिन्यातून चढता-उतरता मोठ्याने म्हणायचो, म्हणजे कमिटीवाल्यांच्या दारापर्यंत जावं.

यंदा ताईचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? झालं. साहेबांनी फोनवर मला ऐकवलं, "मामा, आता पुरे. आईला मी इकडे घेऊन येतोय. ते घर तिला मारेल."

"आणि मशीन?"

"इकडे मशीनला जागा नाही. या वयात तिने शिवायची गरजही नाही."

ताई शेजारीच बसली होती, सुईत दोरा ओवत. तिने दोरा ओवला, गाठ मारली आणि मला म्हणाली, "तिकडे जाऊन मी काय करू, धाकट्या? दिवसभर खिडकीतून लोकांच्या गाड्या मोजू?" आवाज चढवला नाही. पण तिच्या हातातलं ते अस्तर दोनदा उलटं शिवलं गेलं, आणि ताईच्या हातून असं मी कधी पाहिलं नव्हतं. तिचं घर गेलं तर ती निम्मी होईल, हे मला तेव्हा दिसलं.  मी फोन ठेवून दिला, कारण बोललो असतो तर भांडलो असतो.

साहेब कामाचा माणूस. त्याने तपासणीवाली पाठवली. इमारतीतून ऊब कुठून निसटते, ओल कुठे साठते, हे मोजणारी. म्हणाला, तिचा अहवाल येऊ दे, घर राहण्याजोगं नाही असं तिने लिहिलं की विषय संपला.

मला वाटलं, कुणी टक्कल पडलेला गृहस्थ येईल. आली ती पंचवीस-सव्वीसची पोरगी. पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा, पायात माझ्यासारखेच रंग लागलेले बूट. बूट पाहून मी थोडा मऊ पडलो, पण दाखवलं नाही.

"काका, कपाट सरकवू या?" ती म्हणाली.

कपाट सरकवलं. तिने कॅमेरा भिंतीवर धरला. त्याच्या पडद्यावर सगळी खोली पिवळी-नारिंगी दिसत होती, आणि तो कोपरा निळाशार. "या खोलीत अठरा अंश आहेत, कोपऱ्यात दहा. इथे आत काँक्रीटची तुळई आहे, ती थेट बाहेरच्या अंगाला जाते. बाहेरची थंडी तिच्यावरून चालत घरात येते."

"थंडी येऊ दे. पाणी कुठून येतं ते बोल. गच्ची गळते."

ती स्वयंपाकघरात गेली, फ्रिजमधलं गार पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून घेऊन आली आणि पेला ताईच्या टेबलावर, इस्त्रीशेजारी ठेवला. ताई एका पडद्याला इस्त्री करतच होती, फुसफुस वाफ निघत होती. मिनिटभरात पेल्याला बाहेरून घाम फुटला. दोन मिनिटांत टेबलावर ओलं कडं उमटलं.

"काका, हा पेला गळतोय का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षं भिंती बघतोय मी, आणि ही मला पेला दाखवते. "भिंत म्हणजे पेला नव्हे," मी म्हणालो.

"मग पैज," ती म्हणाली. तिने पिशवीतून चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद काढला, डाग संपतो तिथे भिंतीवर वहीच्या पानाएवढा लावला आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. "तीन दिवसांनी येते. पाणी कागदाच्या मागे, भिंतीकडून आलं असेल, तर तुमची गच्ची. कागदाच्या पुढे, खोलीकडून बसलं असेल, तर घरातली वाफ. तोवर रोजच्यासारखंच राहा."

"लागली पैज."

जाताना तिने त्याच खोलीतल्या खिडकीच्या वरची जागा बोटाने ठोकून पाहिली. आवाज जरा वेगळा आला. "इथे हवेची जाळी होती का?"

"होती," मी म्हणालो. "बारा महिने गार वारा आत. ताईला न्यूमोनिया झाला तेव्हा मीच ती बुजवली. खिडक्यांच्या फटीही भरल्या. पण डागाचा आणि तिचा संबंध नाही. डाग त्याच्या आधीपासूनचा आहे."

"नक्की?"

"मी रंगवली आहे ना भिंत," मी म्हणालो. पुढच्या खोलीत ताईने मान खाली घालून इस्त्री फिरवली.

पोरीने तेही लिहून घेतलं.

तीन दिवस मी त्या कागदाकडे बघत राहिलो. मुक्काम तिथेच होता, डाग खरवडायला आलो होतो ना. सकाळी उठलो की आधी कागद, मग चहा. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर थेंब दिसले. मी स्वतःला समजावलं, आतही असतील. तिसऱ्या दिवशी ती आली, तिने पट्टी सोडवली. कागदाच्या पुढून पाणी ओघळत होतं, आणि मागची बाजू खडखडीत. मी बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. कोरडी.

गच्ची निर्दोष सुटली. चार वर्षं मी तिला उगाच झोडपत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तसं.

तपासणीवालीने शांतपणे सांगितलं. पुढच्या खोलीत इस्त्रीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, दोरीवर वाळत घातलेले कपडे. ऊब त्याच खोलीत, कारण ताई काटकसर म्हणून मागचा हीटर बंद ठेवते. ती उबदार ओली हवा दारातून मागे जाते, कारण मागे गार आहे, आणि सगळ्यात गार कोपऱ्यावर आपलं पाणी सोडते. कपाट भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे तिथे वारा नाही. वर ऑइल पेंट, म्हणजे भिंतीने जे पाणी प्यायलं ते सुकायला वाट नाही. आणि ओली भिंत कोरड्यापेक्षा जास्त ऊब बाहेर घालवते, म्हणून हीटर जास्त चालतो. फिरून फिरून तेच.

"मग यावर उपाय?" ताईने विचारलं.

"काकू, जाळी तर तुमची डागाच्या नंतर बंद झाली म्हणता. म्हणजे जाळी असतानाही डाग होता. मग घरात वाफच फार होतेय. ती कमी करावी लागेल." आणि तिने इस्त्रीकडे पाहिलं. पाहून तिलाच वाईट वाटलं असावं.

संध्याकाळी साहेबाचा फोन. त्याला अहवालातलं एकच वाक्य पुरलं. "इस्त्रीच आहे ना मामा? म्हणजे शिवणकाम बंद केल्याशिवाय ते घर सुकणार नाही. शिवणकाम बंद तर आई तिथे एकटी कशाला? रविवारी गाडी घेऊन येतो." ताईने फोन घेऊन "बरं" म्हटलं. नुसतं "बरं". मग ती मशीनवर झाकण घालायला गेली, आणि झाकण घालून तशीच उभी राहिली.

रविवारला दोन दिवस होते. घर राहो न राहो, भिंत अर्धी खरवडून सोडायची माझी पद्धत नाही. पोरीने सांगून ठेवलंच होतं, ऑइल पेंटचे सगळे थर काढा, खाली चुना लावा. सकाळी खरवडायचा पत्रा घेऊन बसलो.

आता उस्तादांची एक शिस्त सांगायला हवी. रंगाचा पहिला हात देण्याआधी ते भिंतीवर पेन्सिलीने लिहायचे. तारीख, आणि भिंत कशी मिळाली ते. तडा असेल तर तडा, पोपडा असेल तर पोपडा. "रंग खोटं बोलतो," म्हणायचे, "म्हणून त्याच्या खाली खरं लिहून ठेवावं." ते लिखाण रंगाखाली जातं, कुणी वाचत नाही. मीही तसंच करतो, खिडकीच्या उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीला. करतो आणि विसरतो. हात आपोआप लिहितो.

ओलीने रंग सुटलेलाच होता, पापुद्रे हाताएवढे निघत होते. वरचा थर निघाला आणि लांबीवर माझं अक्षर दिसलं. गेल्या वर्षीची तारीख. "डाग दाराएवढा." मला हसू आलं. ती लांबी खरवडली, तर खाली त्याच्या आधीचं वर्ष. "डाग ताटाएवढा." त्याच्याखाली आणखी एक वर्ष. "डाग तळहाताएवढा." मग शेवटचा थर, ताईच्या न्यूमोनियाच्या वर्षाचा. तो निघायला जरा जड गेला, कारण तो ओला नव्हता.

खाली लिहिलं होतं, "भिंत कोरडी. आज जाळी बंद केली."

पत्रा हातातच राहिला. अक्षर माझं, तारीख माझी, शिवाय "आज" या शब्दाखाली अभिमानाने ओढलेली रेघ. त्या दिवशी आपण फार मोठं काम केलं असं वाटलं होतं ना. ताईला गार लागू नये म्हणून मी तिच्या घराचं नाक दाबून ठेवलं होतं. वीस वर्षं ती इस्त्री याच घरात फुसफुसत होती आणि भिंत कोरडी होती, कारण वाफ त्या जाळीतून मुकाट्याने निघून जात होती. आणि परवा-परवा त्या पोरीला मी छाती काढून सांगितलं, डाग आधीपासूनचा आहे.

खरं सांगतो, पत्रा परत उचलला होता मी. ती एक ओळ खरवडायला किती वेळ लागतो? कोण वाचणार होतं? चाळीस वर्षांत कुणी मला तुझं काम चुकलं असं म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असेल तर त्याने ते पुन्हा म्हटलेलं नाही. साहेबासमोर, त्या चष्म्याआडून बघणाऱ्या साहेबासमोर, माझ्या तोंडाने सांगायचं? 

मग पुढच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. ताई दोऱ्यांची रिळं खोक्यात भरत होती, रंगांप्रमाणे लावून. मी पत्रा खाली ठेवला आणि त्या पोरीला फोन लावला.

रविवारी साहेब आला, सोबत रिकामी खोकी. मी त्याला चहाही पिऊ दिला नाही. दंड धरून मागच्या खोलीत नेला आणि भिंतीसमोर उभा केला. पोरगीही आली होती. रविवार असून आली, हे मी विसरणार नाही.

"वाच," मी म्हणालो.

त्याने वाचलं. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"डाग जाळीच्या नंतरचा आहे," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं. मुद्दाम नाही, पण खोटंच. तुझ्या आईच्या इस्त्रीचा दोष नाही. घराचाही नाही. हे मी केलंय. तिचा खोकलाही माझाच."

मला वाटलं, आता हा बोलेल, आणि बोलायचा त्याला हक्क होता. साहेबाने चष्मा काढून पुसला. "मामा," तो म्हणाला, "तुम्ही चुकलो म्हणताय हे मी रेकॉर्ड करायला हवं होतं."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पोरगी मोठ्याने हसली.

मग तिने हिशेब मांडला, वाफेचा. जाळी उघडायची, पण झडपेची बसवायची, दोरी ओढली की उघडते आणि सोडली की मिटते. इस्त्री करताना उघडी, झोपताना थोडी. "मग ऊब पळेल ना?" मी विचारलं, कारण सवय जात नाही. "थोडी पळेल काका. ओली भिंत त्याहून जास्त पळवत होती." मागच्या खोलीत हीटर मंद, पण चालू. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. भातावर झाकण, कपडे बाहेर. आणि शिवणकाम जसं होतं तसं. शेवटचं वाक्य ती साहेबाकडे बघून म्हणाली.

साहेब ताईला म्हणाला, "ही थंडी संपेपर्यंत बघू, आई. भिंत कोरडी राहिली आणि तुझा खोकला गेला, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

जाळी मीच फोडली. आतून माझाच गिलावा निघाला, चांगला पक्का गिलावा होता, तीन छिन्न्या बोथट झाल्या. भोक पडलं तशी गार हवेची एक झुळूक तोंडावर आली, आणि ताई खालून म्हणाली, "आली बाई एकदाची."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. शिडीवरून उतरलो. साहेब आणि ती पोरगी पुढच्या खोलीत अहवाल दुरुस्त करत होते.

"ताई, तुला माहीत होतं?"

ती माझ्या खांद्यावरची धूळ झटकत राहिली. "वाफ-बिफ मला काय कळतं? पण जाळी बंद झाली आणि पुढच्याच थंडीत डाग आला, एवढं दिसत होतं."

"मग चार वर्षं बोलली का नाहीस? खोकत बसलीस ती?"

"पहिल्या वर्षी नाही बोलले, कारण तू इतक्या मायेने केलं होतंस. मी दवाखान्यातून आले तर तू शिडीवर, हात सिमेंटने भरलेले, म्हणालास, आता तुला वारा लागणार नाही." तिने माझी दुसरी बाही झटकली. "आणि नंतर... डाग आला की तू यायचास, धाकट्या. आठ-आठ दिवस राहायचास. एरवी येतोस का? कामं, कामं. मला वाटायचं, असू दे एक डाग."

 माझ्या बहिणीने माझ्यासाठी भिंत सडू दिली होती. आणि मला चाळीस वर्षांत इतकंही कळलं नव्हतं की बहिणीकडे जायला काम लागत नाही. डोळे भरून आले. चुना गेला डोळ्यांत, असं मी म्हणालो. ताई म्हणाली, चुना अजून कालवलाच नाहीस.

भिंतीला चुन्याचे तीन पातळ हात दिले. थंडी संपता संपता ताईचा खोकला आधी कमी झाला, मग गेला. साहेब आला, आल्या आल्या कपाटामागे टॉर्च मारून पाहिलं, कोपऱ्यावर तळहात ठेवला, आणि खरोखरच विषय काढला नाही. उलट जाताना स्वतःच्या पँटीची लांबी कमी करून घेऊन गेला. हीटरही आता पूर्वीइतका चालत नाही, असं ताई शेजारणींना सांगते, आणि त्यांच्या कपाटामागे डोकावून येते.

आता पुन्हा थंडी सुरू झाली. मी वाट बघत होतो, ताईचा फोन काही आला नाही. यायचं कारणच नव्हतं. पंधरा दिवस गेल्यावर मीच लावला.

"भिंत बघायला येतोय," मी म्हणालो.

"भिंत कोरडी आहे रे. खडखडीत."

"तेच बघायला येतोय. आठ दिवस लागतील."

पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "पेन्सिल आणशील ना?"

"खिशातच आहे," मी म्हणालो.